आठ किलोला सुटणारी गाठ

नमुना ०
दोरी: काळं रेशीम
ओढणारी व्यक्ती: मी (चुकून, पायाने)
सुटण्याचं वजन: मोजलेलं नाही
शेरा: अजून सुचलेला नाही

शेरा सुचत नाही, म्हणून पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करते.

अंगठा उजव्या पायाचा. नख नीट कापलेलं. त्याच्याभोवती काळ्या रेशमाचा वेढा, आणि तिथून दोन धागे ताठ निघालेले, तंबोऱ्याच्या तारांसारखे, थेट एका माणसाच्या हातापर्यंत. हे मी नंतर पाहिलं. आधी मी त्या तारांमध्ये अडकले.

नवरात्र चार दिवसांवर आलेलं. ठाण्यात टेंभी नाक्याला मंडपाचं काम, म्हणून रिक्षावाल्याने मला अलीकडेच उतरवलेलं. मी नौपाड्यातून चालत, मान वर करून दुकानांच्या पाट्या वाचत निघाले होते. एका सराफाच्या दुकानाशेजारी, जिन्याखालच्या जागेत कोणी पाय पसरून बसलं असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

टप्प.

आणि मग… टपटपटपटप. काळे मणी. फरशीवर, पायरीवर, माझ्या चपलेत.

"आई गं! तुटलं!" मी ओरडले.

बाकावर चार बायका बसलेल्या होत्या. त्यातल्या एकीने आपल्या गळ्याला हात लावला.

"वाढलं," धाग्याच्या त्या टोकाचा माणूस शांतपणे म्हणाला.

"काय?"

"इथे तुटत नाही काही, मॅडम. मंगळसूत्र आहे ते. वाढतं."

मी लाजेने खाली बसले आणि मणी वेचायला लागले. तोही गादीवरून उतरला. त्याच्या बोटांना मण्यांची इतकी सवय होती की माझे तीन होईपर्यंत त्याचे तीस झालेले.

"नीट मोजून द्या. दोनशे बारा होते."

"हो? थांबा… एकोणीस, वीस…"

"नाही हो. मला कुठे माहितीये किती होते. पण मोजताना छान ओठ हलतात तुमचे."

मी रागाने वर पाहिलं. तो हसत नव्हता. फक्त डोळे हसत होते. तेवढ्यात माझ्या हाती रेशमाचं टोक लागलं आणि मी राग विसरले. धागा मध्येच गेला होता. पण गाठ? जशीच्या तशी. एवढा हिसका बसूनही तसूभर सरकलेली नाही.

"ही गाठ कशी घातलीत?"

"आधी मणी द्या. मग गाठीचं बघू."

त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती. तिने डब्यातून एक पिवळा दोरा काढला, त्याला हळकुंडाचा तुकडा बांधलेला, आणि माझ्यासमोर धरला. "घाला तोवर. गळा मोकळा ठेवू नये."

"काकू, माझं लग्न नाही झालेलं."

"मग दुसरीचे मणी एवढ्या मायेनं का वेचताय?"

चारही बायका हसल्या. मघापासून अडलेला त्यांचा श्वास सुटला. ज्या बाईचं मंगळसूत्र होतं, तिच्या गळ्यात असाच पिवळा दोरा होता. दागिना गाठवायला दिला की तो तयार होईपर्यंत काकू प्रत्येकीच्या गळ्यात असा दोरा बांधायच्या. दिवसभर तेच. बांधायचा, सोडायचा. तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. ती माझी पहिली चूक, की दुसरी? अडखळणं धरलं तर दुसरी.

"मी मारुती," तो म्हणाला. "मारुती पटवेकर. ही आई, शेवंतीबाई."

"मारुती?" माझ्याही नकळत मी त्याच्या हातातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं.

"बोला, बोला. सगळेच बोलतात. जन्म हनुमान जयंतीचा, नाव मारुती, धंदा मंगळसूत्रांचा. देवाने टाइमपास केलाय माझा."

*

नमुना १
दोरी: बुटाची लेस, पांढरी, शाळेची
गाठ: बाबा
शेरा: सतरा वर्षं टिकली

इथे मी कोण, ते सांगायला हवं.

मी संचिता. घर कोपरला, नोकरी डोंबिवली एमआयडीसीत. आमचा कारखाना छोटा. आम्ही भिंतीवरचे स्विच बनवतो, पांढरे, चौकोनी, कोणाच्या लक्षात न राहणारे. डिझाइन विभागात दोन माणसं, त्यातली एक मी. तीन वर्षांत मी स्क्रूची आठ झाकणं डिझाइन केली होती. आठही पांढरी.

लहानपणी मी कपाटाच्या पलीकडच्या कोपऱ्यात झोपायचे आणि दिव्याचं बटण दाराशी. एका रविवारी बाबांनी छताला ओढायचा स्विच बसवला. त्याची दोरी पुरेना, म्हणून तिला माझ्या बुटाची लेस जोडली. सोमवारी मी एका बुटाला लेस आणि दुसऱ्याला सुतळी बांधून शाळेत गेले. पण काय थाट होता माझा! पडल्यापडल्या हात वर करायचा… टक्. अख्खी खोली माझ्या हुकुमात.

तेव्हापासून मला तो स्विच बनवायचा होता. सुंदर. कोणी त्याकडे बघून "अगं, हे काय आहे?" म्हणेल असा. ठाण्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी एक इमारत उभी राहतेय, तिचं अंतर्गत काम बघणाऱ्या कादंबरी मॅडम आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, पलंगाशेजारी ओढायचे स्विच हवेत, देखणे असतील तरच. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

आमचे मालक, आनंद सर, चष्मा पुसत म्हणाले, "संचिता, तुम्हाला एक महिना देतो. चाचणीत उतरला तर आपण तो बनवू. नाही उतरला तर बाजारात प्लॅस्टिकची घंटा लावलेला तयार मिळतो, तो घेऊ आणि विषय कायमचा मिटवू. मान्य?"

कायमचा. हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी घरी जाऊन तो वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

आतली यंत्रणा मी आठवड्याभरात केली. राहिली दोरी. म्हणून त्या दिवशी मी नौपाड्यात गोंडा शोधत हिंडत होते. आणि मणी वेचून झाल्यावर ते काम मारुतीलाच सांगून घरी गेले.

*

नमुना २
दोरी: रेशीम आणि कलाबतू, केशरी
शेरा: दिसायला राणी, कामाला धोका

"कलाबतू नको."

"कलाबतूशिवाय गोंडा? मॅडम, मीठ नको म्हणताय."

"धातूची तार आहे ना ती? वर वीज आहे. ओल्या हाताने कोणी धरलं तर?"

मारुतीने गोंडा डोळ्यांसमोर धरला. दोन दिवस लागलेले त्याला. मग कात्रीने जरीची एकेक तार काढून टाकली. त्याचा चेहरा असा, की पोराचे पहिले केस उतरवतोय.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं. पण म्हाताऱ्या माणसाला करंट लागल्यावर जास्त वाटलं असतं."

त्या वाक्याला मी… नाही, प्रेमात नाही पडले. पण बाकावर जरा आत सरकून बसले. आधी मी कडेला बसायचे.

*

नमुना ३
दोरी: सुती गाभा, वर रेशमाचा वेढ
रंग: बाटलीसारखा हिरवा, खाली शेवंतीपिवळा गोंडा
शेरा: डोळे मिटून पाहावा

"डोळे मिटा," मारुती म्हणाला.

"का?"

"दिवा बंद असतानाच शोधतात ना दोरी? मग उघड्या डोळ्यांनी काय टेस्ट करणार?"

बरोबर होतं. तीन वर्षं स्विच बनवणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. मी डोळे मिटले. जिन्याखाली मी बसवलेल्या स्विचला त्याने दोरी टांगलेली. मी हात फिरवला. हवा. हवा. मग रेशीम, थंड. त्यावर एक फुगवटा, खाली दुसरा, मग तिसरा, सगळ्यांत मोठा, मुठीत बसणारा.

"तीन फुगे," तो सांगत होता. "वरून सुरुवात केली तरी बोटं आपोआप खाली येतात. थरथरत्या हाताची असली तरी. तिसरा लाकडाचा मणी, वर रेशीम. हात घसरत नाही. कळलं का?"

"कळलं. आणि हा चौथा कसला? कोमट आहे."

"तो… माझं मनगट आहे."

मी हात सोडायला हवा होता. एक सेकंद. दीड.

"गिऱ्हाईक आलंय," काकू कात्रीला सांगितल्यासारखं म्हणाल्या.

डोळे उघडले तर तो छताकडे बघत होता आणि त्याचे कान लाल. "ओढ," तो म्हणाला.

"आत्तापर्यंत 'ओढा' म्हणायचास."

"आत्तापर्यंत तूसुद्धा 'म्हणायचात' म्हणायचीस."

मी ओढली. वर लावलेल्या माझ्या स्विचचा आवाज आला. टक्. जिन्याखालचा बल्ब लागला. बाकावरची अनोळखी बाई म्हणाली, "अगं, हे काय आहे? कुठे मिळतं?"

मला रडू यायचं राहिलं.

*

नमुना ६
सुटण्याचं वजन: आठ किलो (हवं तेवढंच)
शेरा: याच्याआधी अर्धा तास काम बंद

काम बंद, कारण मी म्हणाले होते, "आता ही दोरी आठ किलोला सुटली पाहिजे."

मारुतीचा हात थांबला. काकूंनी कात्री खाली ठेवली.

"सुटली पाहिजे?" काकूंनी विचारलं. "मुद्दाम?"

"हो काकू. समजा एखाद्या आजोबांचा तोल गेला आणि त्यांनी दोरीच धरली. दोरी सुटली नाही तर वरचा डबाच वायरीसकट खाली येईल. साध्या ओढण्याला काही होता कामा नये, पण माणसाचा भार आला की दोरीने सोडून द्यायचं."

"आमच्याकडे तीन पिढ्या," मारुती हळूच म्हणाला, "एकाही बाईची गाठ परत आलेली नाही. धागा जातो, गाठ नाही. आजोबा त्यावरच छाती काढून चालायचे."

"म्हणूनच तुझ्याकडे आलेय. घट्ट कोणीही बांधेल."

त्याने रेशीम बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाला, "बरं. बांधतो."

लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून आम्ही दोरीला लटकवल्या. सहा. सात. आठवी ठेवली आणि गाठ सुटली. पिशवी माझ्या पायावर पडली. मी ओरडत नाचले, एका पायावर. तो हसला. पण सुटलेल्या टोकाकडे त्याने पाहिलं नाही. हे मला तेव्हा दिसलं होतं. दिसलेलं सगळं कळतंच असं नाही.

*

नमुना ७
स्थळ: कारखान्याची चाचणी खोली
वेळ: दसऱ्यानंतरचा बुधवार, अकरा वाजता
शेरा:

कादंबरी मॅडमनी दोरी धरली, तीन फुगे बोटांनी मोजले आणि म्हणाल्या, "माझ्या आईला आवडेल हे." टक्. टक्. दोनदा उगीचच ओढली. लोक उगीचच ओढतात, तेव्हा समजायचं जमलंय.

"आता ती सुटताना दाखवा," आनंद सर म्हणाले.

मी आत्मविश्वासाने वजनं लावली. सात. आठ.

आठ.

"नऊ लावून बघा," सर म्हणाले. नऊ. दहा. बारा. दोरी ताठ, हिरवी, देखणी. पंधरा. सतराव्या किलोला फळीतून स्क्रू उपटले, आणि माझा स्विच, सगळा डबा, वायरीसकट, टेबलावर आदळला.

गाठ जशीच्या तशी.

"संचिता," सर आवाज न चढवता म्हणाले, आणि तेच वाईट होतं, "हे एखाद्या आजींच्या डोक्यावर पडलं असतं."

"सर, एक आठवडा द्या."

"महिना ठरला होता."

"महिन्याला अजून सात दिवस आहेत, सर. मी आजची तारीख लवकर घेतली होती."

त्यांनी कॅलेंडर पाहिलं. खरंच होते. कादंबरी मॅडमनी ओठ दाबून हसू लपवलं. "पुढचा बुधवार," सर म्हणाले. "त्यानंतर घंटा."

सगळे गेल्यावर मी सुईने ती गाठ उकलली. पहिल्या फुग्याच्या आत, रेशमाखाली झाकलेले, दोन जास्तीचे वेढे होते. इतके सफाईदार, की चुकून पडलेले असणं शक्यच नव्हतं.

*

(या भागाला नमुना नाही. इथे फक्त भांडण आहे.)

"तू घातलेस?"

"हो."

"का?"

"संचिता, मोठी माणसं येणार होती. सगळ्यांसमोर तुझी वस्तू सुटून हातात आली असती…"

"सुटायलाच हवी होती!"

"माहितीये! डोक्याला माहितीये. हाताला नाही कळलं." त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "रात्रभर विचार करत नव्हतो मी, प्लॅन नव्हता काही. बांधताना तुझा चेहरा आला डोळ्यांसमोर, आणि बोटांनी दोन वेढे घातले. मला वाटलं, तुझी तरी गाठ पक्की असू दे."

हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही दिवशी ऐकलं असतं तर मी विरघळले असते. त्या दिवशी नाही.

"मला विचारलंस का? एकदा तरी? माझ्यासाठी केलंस ना? मग मलाच विचारायचं राहिलं?"

बाकावरच्या बायका कान देऊन बसलेल्या. काकू दोरे आवरण्याचं नाटक करत होत्या.

"नाही विचारलं," मारुती म्हणाला. "चुकलो." कारणं नाहीत, 'पण' नाही, फक्त एवढंच.

मी निघून जायला हवं होतं. गोष्टीत मुली अशा वेळी निघून जातात. पण माझ्याकडे सहा दिवस होते. मी चप्पल काढली, त्याच्या गादीवर चढले आणि पाय पसरला.

"काय करतेस?"

"धागा दे. आता मी बांधणार. तू शिकव."

"अगं, अंगठ्याला करकोचा पडेल."

"पडू दे. राग आलाय मला, त्यामुळे दुखणार नाही."

त्याने माझ्या अंगठ्याला रेशमाचा वेढा घातला. हलक्या हाताने. आणि या वेळी विचारलं, "एवढा चालेल? की सैल करू?"

"…चालेल."

*

नमुने ८ ते १६, एकत्र
बांधणारी: मी
सुटण्याचं वजन: तीन किलो. अकरा. सहा. एकोणीस. चार. सुटलीच नाही. आपोआप सुटली. नऊ. तीन.
शेरा: वाईट गाठीचा भरवसा नसतो

तीन दिवस कामावरून सुटले की मी थेट जिन्याखाली. माझ्या अंगठ्याला घट्टा पडायला लागला. मारुती मंगळसूत्रं ओवायचा, मधून मधून माझ्या गाठीकडे बघायचा आणि चेहरा निर्विकार ठेवायचा प्रयत्न करायचा.

"हस हवं तर."

"नाही हसत. पण हिला बघून आजोबा वरून खाली आले असते."

शनिवारी माझ्या लक्षात आलं, की मी चुकीची वस्तू शोधतेय. मला कच्ची गाठ नको होती; सहाव्या नमुन्याची गाठही कच्चीच, नशिबाने एकदा आठला सुटलेली. कच्ची कधी तीनला जाते, कधी एकोणिसाला. मला हवी होती एक पक्की गाठ, जिचं कामच सोडणं आहे. नेमक्या वेळी. अशी गाठ कोण बांधतं? का बांधेल?

"झालं हो तुमचं," काकू एका गिऱ्हाईक बाईला म्हणाल्या. मंगळसूत्र तयार होतं. काकूंनी ते तिच्या गळ्यात घातलं, आणि दुसऱ्या हाताने तिच्या मानेवरचा पिवळा दोरा खाली ओढला. सुर्र. दोरा हातात.

मी बघत राहिले.

"काकू… परत करा."

"काय?"

"आत्ता केलंत ते!"

काकूंनी दुसरा दोरा घेतला, माझ्या गळ्यात बांधला. मी मान हलवली, उठले, बसले, उडी मारली. बसला होता तिथेच. मग त्यांनी ओढला. सुर्र.

मारुतीच्या हातातले मणी तसेच राहिले. लहानपणापासून, रोज, त्याच्यापासून दोन हातांवर हे चाललं होतं.

"आई, ही गाठ तुला कोणी शिकवली?"

"तुझ्या आजीनं. तुम्ही बापई माणसं पक्क्या गाठी बांधणार आणि छाती काढून चालणार. ही आमची, बायकांची. हिला राहायचंच नसतं. खरं मंगळसूत्र आलं की हिनं गुमान बाजूला व्हायचं."

"मला कधी दाखवली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

मी आणि मारुतीने एकमेकांकडे पाहिलं. एका आठवड्यात हा प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. तो हसायला लागला, मग मी, मग काहीच न कळलेली ती गिऱ्हाईक बाई.

त्या गाठीत दोरा स्वतःभोवतीच गुंडाळलेला असतो. जितके वेढे, तितका सुटायला जोर जास्त. मारुतीने रेशमाखालच्या सुती दोरीवर ती बांधली. दोन वेढे, पाच किलो. चार वेढे, अकरा. तीन… आम्ही आठवी बाटली ठेवली. सुर्र. पुन्हा बांधली, पुन्हा आठ. पुन्हा. पुन्हा. आणि सुटल्यावर काही वाया जात नव्हतं. टोक परत ओवलं की दोरी पूर्वीसारखी.

या वेळी सुटलेलं टोक मारुतीने उचललं. नीट पाहिलं. तळहातावर ठेवून मला दाखवलं.

"छान सुटते," तो म्हणाला. आवाजात आजोबांना शोभेल असा अभिमान.

*

नमुने १ ते २०, नव्याने
सुटण्याचं वजन: सगळे साडेसात ते साडेआठच्या मध्ये
शेरा: खाली सरांच्या अक्षरात आहे

वीसही नमुने मी वजनं लावून सोडवून दाखवले. विसावा झाल्यावर आनंद सर उठले, म्हणाले, "वजनांचं पाहिलं. आता माणसाचं पाहू," आणि कोणी काही बोलायच्या आत अडखळल्याचं सोंग करून त्यांनी खरोखरच दोरी धरली. सुर्र. सर खुर्चीत बसले गेले, हातात गोंडा. स्विच वर, जागच्या जागी. कादंबरी मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी गोंडा उलटसुलट पाहिला. "ही गाठ कोणाची?"

"शेवंतीबाई पटवेकर, सर. नौपाड्यात असतात."

"मग आराखड्यावर त्यांचं नाव घाला. नुसतं तोंडी नको." आणि त्यांनी अहवालावर लिहिलं: उत्तम. बनवावा.

कारखान्याबाहेर येऊन मी मारुतीला फोन लावला. काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "सुटली?"

"सुटली! वीसच्या वीस!"

पलीकडे त्याने बाकावरच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "सुटली!" मंगळसूत्र गाठवणाऱ्यांच्या दुकानात. मला काकूंचा आवाज आला, "अरे हळू, मेल्या!"

*

रविवारी सकाळी तो कोपरला आमच्या घरी आला. पहिला स्विच बाबांच्या पलंगावर लावायचा, हे मी कधीचंच ठरवलेलं. डबा मी बसवला, दोरी त्याने बांधली.

बाबांनी स्टूल धरलं होतं, आणि प्रश्नही तयार धरले होते.

"नाव काय म्हणालात?"

"मारुती."

"आणि काम?"

"मंगळसूत्रं गाठवतो."

बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते इतके हसले, की स्टूल हलायला लागलं आणि मी वरून ओरडले. मग बाबा पलंगावर आडवे झाले, हात वर केला. टक्. दिवा लागला. दिवसाउजेडी, काही गरज नसताना. टक्. टक्. टक्.

"लेसपेक्षा बरा आहे," ते म्हणाले आणि आईला चहाचं सांगायला आत गेले. त्यांना चहा नको होता. आम्हाला दोघांना सगळं कळत होतं.

आम्ही गॅलरीत आलो. पलीकडे खाडीवरून वारा येत होता. मारुतीने खिशातून हिरव्या रेशमाची एक बारीक वीण काढली, मनगटाएवढी. दोन्ही टोकं मोकळी.

"ही स्विचची नाही," तो म्हणाला.

"मग?"

"आजोबांची पद्धत. जुनी गाठ."

"ती कितीला सुटते?"

"माहीत नाही. कोणाची परत आलेली नाही."

त्याने वीण माझ्या मनगटाभोवती धरली, बांधली नाही. दिवसाला चाळीस गाठी बांधणारी बोटं टोकांशीच थांबली होती.

"आधीच बांधून आणणार होतो," तो म्हणाला. "मग म्हटलं… विचारतो. संचिता, बांधू?"

खाली कोणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. आत बाबा पुन्हा दिवा लावत होते. टक्.

"किती वेढे घालतोस नेहमी?"

"तीन."

मी मनगट पुढे केलं.

"दोन जास्त घाल."

*

नमुना २१
दोरी: हिरवं रेशीम
गाठ: मारुती पटवेकर (विचारून)
वेढे: पाच
सुटण्याचं वजन:
शेरा: चाचणी चालू आहे.